स्टे मिळाला म्हणजे घर वाचलं का?

इमारत पंचवीस वर्षांची. घरपट्टीच्या पावत्या फाइलला लावलेल्या, विजेचं मीटर ज्याच्या त्याच्या नावावर, दोन-तीन फ्लॅटवर बँकेचं कर्जही. आणि एके सकाळी जिन्याजवळच्या भिंतीवर पालिकेची नोटीस चिकटलेली दिसते: वरचे दोन मजले अनधिकृत आहेत, काढून टाका. सोसायटीच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘इतकी वर्षं कोणी काही बोललं नाही, मग आजच बेकायदा कसं झालं?’ त्यापाठोपाठ कोणीतरी धीर देतं, ‘काळजी नको, कोर्टातून स्टे आणू.’

प्रश्न रास्त आहे आणि धीर देणाऱ्याचा हेतूही चांगला आहे. पण अशा प्रकरणांत माणसं घर गमावतात ती बहुतेक वेळा याच दोन समजुतींमुळे. बांधकामाची परवानगी नाकारली गेली किंवा पाडण्याची नोटीस आली, तर कायद्यात दाद मागण्याच्या वाटा आहेत आणि त्यातल्या काही चांगल्या उपयोगी आहेत. त्या दिवसांच्या हिशेबाने उघडतात आणि मिटतात. शिवाय न्यायालय तिथे नेमकं काय तपासतं, याची बहुतेकांना कल्पना नसते.

घरपट्टी भरली, मग परवानगी कशाला?

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. बोलण्यात सगळे त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात. जमिनीवर बांधकाम करणं, वाढवणं किंवा तिचा वापर बदलणं या सगळ्याला हा कायदा ‘विकास’ म्हणतो आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे साधारणपणे महापालिकेची किंवा नगरपालिकेची, लेखी परवानगी मागतो. परवानगी मिळाली की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र येतं, ज्याला बिल्डर ‘सीसी’ म्हणतात. काम मंजूर नकाशाप्रमाणे झालं असेल तर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओसी’ मिळतं. इमारत कायदेशीर आहे की नाही, हे ठरतं या कागदांवरून.

घरपट्टीचा या साखळीशी संबंध नाही. इमारत उभी आहे आणि वापरात आहे, एवढ्यावर कर लागतो. किंबहुना महापालिका कायद्याच्या कलम २६७अ नुसार अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही असं तिथेच लिहिलेलं आहे. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनी हा शास्तीकर वर्षानुवर्षं सोसला. २०२३ मध्ये राज्य सरकारने तो माफ केला, पण करमाफीने कोणाच्या हातात भोगवटा प्रमाणपत्र आलं नाही.

नकार आला तर

आधी परवानगीच्या टप्प्यावर काय होतं ते पाहू, कारण पुढच्या बऱ्याच भांडणांची मुळं इथे असतात.

अर्ज नाकारताना किंवा अटी घालताना कारणं लिहावीच लागतात, असं कलम ४५ सांगतं. ‘नियमात बसत नाही’ एवढा शेरा पुरेसा नाही. कोणता नियम, किती अंतर कमी पडतं, चटई क्षेत्र किती जास्त होतं, हे अर्जदाराला कळलं पाहिजे. चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. कारण लिहिलेलं असेल तरच त्याला उत्तर देता येतं, म्हणून ही अट महत्त्वाची. आदेशात नसलेली कारणं अधिकाऱ्याला नंतर कोर्टात प्रतिज्ञापत्र करून जोडता येत नाहीत. मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आणि आजही वकील ते वाक्य रोज वापरतात.

नकाराविरुद्ध कलम ४७ खाली राज्य सरकारकडे अपील होतं. मुदत ४० दिवस, आदेश हातात पडल्यापासून. उपसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी ते ऐकू शकतो. हे अपील कितीतरी अर्जदार करतच नाहीत. कोणी थेट वकिलाकडे जाऊन रिट याचिकेची चौकशी करतं, कोणी अधिकाऱ्याच्या मागे फिरत राहतं आणि ४० दिवस निघून जातात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत वाया जाणारी संधी आहे. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी एक तरतूद मात्र लोकांना नको इतकी ठाऊक असते. पालिकेने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. यालाच मानीव परवानगी म्हणतात. इथे बऱ्याच जणांचा पाय घसरतो. प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांत आणि विकास आराखड्यात काटेकोर बसत असेल तरच ही मानीव परवानगी लागू होते, आणि पालिकेने मध्ये काही कागद मागितले असतील तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात. नियमाबाहेरचं बांधकाम या नावाखाली उभं केलं, तर ते अनधिकृतच ठरतं. पालिका गप्प राहिली म्हणून नियम शिथिल होत नाही.

आणखी एक गोष्ट अर्जदारांना अन्यायाची वाटते. अर्ज केला तेव्हाचे नियम वेगळे होते, मंजुरीपर्यंत ते बदलले. मग कोणते लागू? पुणे कॅन्टोन्मेंटच्या प्रकरणात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: मंजुरीच्या दिवशी जे नियम असतील ते. अर्ज दाखल केल्याने जुन्या नियमांवर हक्क तयार होत नाही.

भिंतीवरची नोटीस

आता नोटिशीकडे वळू. एमआरटीपीच्या कलम ५३ मध्ये दोन प्रकार आहेत. परवानगीच नसलेल्या बांधकामाला २४ तासांची नोटीस देता येते. परवानगी आहे पण काम नकाशा सोडून झालं, तर किमान एक महिन्याची मुदत द्यावी लागते. मुंबईत याशिवाय १८८८ च्या महापालिका कायद्यातलं कलम ३५१ वापरतात. काम चालू असेल तर ते थांबवण्यासाठी वेगळी नोटीस असते.

२४ तास ही मुदत कोणालाही घाबरवणारी आहे. पण १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने, देशभरासाठी निर्देश दिले. पाडण्याआधी कारणे दाखवा नोटीस हवी, आणि तिची मुदत स्थानिक कायद्यात असेल ती किंवा १५ दिवस, यांपैकी जी नंतर संपते ती. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची, इमारतीवरही लावायची आणि जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवायची, म्हणजे मागची तारीख घालून नोटीस दाखवता येणार नाही. मालकाचं प्रत्यक्ष म्हणणं ऐकायचं. अंतिम आदेशात, बांधकाम नियमित होऊ शकतं का, नसेल तर का नाही, पूर्ण पाडणं हाच एक उपाय का आहे, हे लिहायचं. आदेशानंतर आणखी १५ दिवस थांबायचं, पाडकामाचं चित्रीकरण करायचं. हे मोडलं तर नुकसानभरपाई अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. या संरक्षणाला दोन अपवाद आहेत: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणचं बांधकाम, आणि न्यायालयाच्याच आदेशाने होणारं पाडकाम.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्याची मुळं मुंबईतच आहेत. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात पदपथावर राहणाऱ्यांच्या झोपड्या हटवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. पदपथ मोकळा करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण माणसाला न ऐकता त्याचा निवारा काढून घेणं हा नियम होऊ शकत नाही, असंही ठरवलं आणि त्या वर्षीचा पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्यांना हात लावू दिला नाही. म्हणणं ऐकणं ही त्यानंतर मेहरबानी राहिली नाही.

नोटीस आल्यावरचा सर्वांत उपयोगी उपाय मात्र कोर्टात नाही, कलम ५३ मध्येच आहे. नोटिशीच्या मुदतीत पालिकेकडेच बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज करता येतो. त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. अर्ज मंजूर झाला तर नोटीस संपते, फेटाळला तर पुन्हा जिवंत होते. चटई क्षेत्र शिल्लक असेल, सामासिक अंतरं म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा पुरेशी असेल आणि केवळ नकाशा मंजूर करून घ्यायचा राहिला असेल, तर हा अर्ज घर वाचवतो. रस्त्याच्या किंवा मैदानाच्या आरक्षणात बांधलं असेल तर नाही.

चौकट: दिवस मोजा
परवानगी नाकारली: अपील ४० दिवसांत.
निर्णयच आला नाही: ६० दिवसांनंतर मानीव परवानगी, पण प्रस्ताव नियमांत काटेकोर बसत असेल तरच.
पाडण्याची नोटीस: बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज नोटिशीच्या मुदतीतच.
अंतिम पाडकाम आदेश: त्यानंतर १५ दिवस पाडता येत नाही, दाद मागण्यासाठी एवढाच वेळ.

न्यायालय काय पाहतं

दहावी-बारावीच्या निकालानंतर मुलं दोन प्रकारचे अर्ज करतात. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका नव्याने तपासतात. कलम ४७ चं अपील हे पुनर्मूल्यांकन आहे. तिथे तुम्ही म्हणू शकता की प्रस्ताव योग्य आहे, अधिकाऱ्याचं मत चुकलं. उच्च न्यायालयातली रिट याचिका ही गुणपडताळणी आहे. इमारत शहराला बरी की वाईट, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. अधिकार असलेल्यानेच निर्णय दिला का, ऐकून घेतलं का, कारणं दिली का, संबंधित नसलेल्या गोष्टी मनात आणल्या का, कोणताही समंजस माणूस घेणार नाही असा अचाट निर्णय आहे का, हे पाहतात.

म्हणूनच अपिलाचे ४० दिवस घालवणं महागात पडतं. गुणवत्तेवर वाद घालण्याची हक्काची जागा तीच होती. शिवाय उच्च न्यायालय पहिलं विचारतं, अपील केलं का? कायद्याने दिलेली वाट सोडून थेट आलेल्याला बहुतेक वेळा परत पाठवतात. मूलभूत हक्कांचा भंग, म्हणणं न ऐकणं, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल, तर मात्र थेट ऐकतात.

दिवाणी कोर्टाचं दार आणखी अरुंद आहे. एमआरटीपीच्या कलम १४९ नुसार प्राधिकरणाच्या आदेशाला किंवा नोटिशीला दाव्यात आव्हान देता येत नाही. तरीही दावे होतात, कारण नोटीस अधिकाराबाहेरची किंवा मुळातच शून्यवत असेल तर असा अडसर आडवा येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या धुलाभाई खटल्यापासून मान्य केलं आहे.

याचिका जिंकली तर काय मिळतं? बहुतेक वेळा आदेश रद्द होऊन प्रकरण पालिकेकडे परत जातं: नीट सुनावणी घ्या, कारणांसहित नवा आदेश काढा. भिंत तीच, नकाशा तोच. म्हणून प्रक्रियेच्या चुकीवर मिळालेल्या विजयानंतरचे दिवस कागद जमवण्यासाठी वापरायचे असतात.

स्टे म्हणजे नेमकं काय

स्टे म्हणजे अंतरिम मनाई हुकूम. न्यायालय तो देताना तीन गोष्टी तोलतं: प्रथमदर्शनी बाजूत काही तथ्य आहे का, स्टे दिल्याने आणि न दिल्याने कोणाची किती गैरसोय होईल, आणि नंतर भरून न येणारं नुकसान होईल का. घर पाडणं हे भरून न येणारं नुकसान असल्याने तिसरी कसोटी रहिवाशाच्या बाजूने लवकर झुकते, आणि त्यातून स्टे सहज मिळतो असा समज पसरतो. पहिली कसोटी कागदांची असते, तिथे बरेच दावे अडतात. पालिकेने कॅव्हेट दाखल केलं असेल तर तिला कळवल्याशिवाय एकतर्फी आदेशही मिळत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं.

आणि मिळाला तरी स्टे म्हणजे परवानगी नव्हे. दावा फेटाळला की त्याच दिवशी नोटीस पुन्हा लागू होते.

वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण. १९८१ ते १९८९ या काळात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी पाच मजल्यांच्या इमारतींची होती. प्रत्यक्षात एक वीस मजली आणि एक सतरा मजली टॉवरही उभा राहिला. नोव्हेंबर १९८४ मध्येच पालिकेने काम थांबवण्याची नोटीस काढली होती, तरी बांधकाम झालं, फ्लॅट विकले गेले, कुटुंबं राहायला आली. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून पालिकेचं पाणी नाही. पाण्यासाठी रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि त्या प्रकरणात बांधकामाचा मुद्दा ऐरणीवर आला. २००५ मध्ये पाडकामाच्या नोटिसा निघाल्या, मग दावे, अपिलं. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचं म्हणणं फेटाळलं. सुधारित नकाशे मंजूर नाहीत हे खरेदीदारांना माहीत होतं, असं न्यायालयाने नोंदवलं. मुदतवाढ मिळाली, १३ नोव्हेंबर २०१३ रोजी पाडकामाचं पथक दारात असताना न्यायालयाने आपणहून कारवाई थांबवली, पण ती ३१ मे २०१४ पर्यंतच. जूनमध्ये अनधिकृत मजल्यांची वीज, पाणी, गॅस तोडण्यात आलं.

तीस वर्षांच्या या हिशेबात मूळ प्रश्नाचं उत्तर एकदाही बदललं नाही: मंजूर किती मजले? मला इथे पालिकेचाही राग येतो. १९८४ ची नोटीस त्या वर्षीच अमलात आली असती, तर पुढचे खरेदीदार त्यात अडकलेच नसते. उशिराची किंमत ज्याने परवानगी मोडली त्याच्यापेक्षा ज्याने घर घेतलं त्याला जास्त मोजावी लागते, हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे.

‘जुनं आहे’, ‘शेजाऱ्याचंही तसंच आहे’

आता पहिल्या प्रश्नाकडे. इतकी वर्षं गेली म्हणून बांधकाम कायदेशीर होतं का? इंग्लंडमध्ये काही अंशी होतं. तिथे ठरावीक वर्षांत कारवाई झाली नाही तर नगररचना विभागाचा अधिकार संपतो; एप्रिल २०२४ पासून ही मुदत सरसकट दहा वर्षं आहे. त्याआधी घरासाठी चार वर्षं पुरत, तेव्हा सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याने गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतीआड चक्क गढीसारखं घर बांधून चार वर्षं लपवलं. गठ्ठे काढल्यावर नोटीस आली. लपवलेल्या काळाचा फायदा उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाकारला आणि घर अखेर पाडावं लागलं.

आपल्याकडे असा सर्वसाधारण मुदतीचा नियम नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या मेरठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की प्रशासनाची दिरंगाई, रहिवासाची वर्षं किंवा ओतलेला पैसा यांमुळे अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. मुंबईत एक वेगळी गोष्ट आहे: १७ एप्रिल १९६४ पूर्वीच्या निवासी आणि १ एप्रिल १९६२ पूर्वीच्या अनिवासी बांधकामांना पालिका हात लावत नाही. म्हणून कलम ३५१ च्या नोटिशीनंतर घरोघरी असेसमेंट उताऱ्याची जुनी पानं, विजेची बिलं, दुकानाचा परवाना शोधायची धावपळ उडते. बाकी ठिकाणी तारखांच्या सवलती खास कायद्यांतून येतात. गुंठेवारी कायदा २००१ चा, त्याची मुदतरेषा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. एमआरटीपीत २०१७ साली आलेलं कलम ५२अ ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना शुल्क भरून, अटींवर नियमित करू देतं. तुमचं बांधकाम यांत बसतं का, हे कोर्टात जाण्याआधी तपासा.

शेजाऱ्यानेही गॅलरी वाढवली, त्याला का सोडलं? हा युक्तिवाद मनाला पटतो, न्यायालयाला पटत नाही. समानतेचा हक्क कायद्याच्या संरक्षणाचा आहे. एकाला चुकून मिळालेला बेकायदा लाभ दुसऱ्याला मागता येत नाही, असं १९९५ च्या चंदीगडच्या प्रकरणात ठरलं. मात्र पालिकेने द्वेषाने तुम्हालाच वेचून काढलं याचा पुरावा असेल, तर तो स्वतंत्र मुद्दा होतो.

परवानगी दुसऱ्याची, दाद तुमची

न्यायालयात फक्त बांधणाराच जातो असं नाही. उडुपीत सभागृह म्हणून मंजूर झालेल्या जागेत सिनेमागृहाला परवानगी मिळाली तेव्हा नगररचना योजनेविरुद्धची ही परवानगी तिथल्या एका रहिवाशाने आव्हानित केली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला आणि परवानगी बेकायदा ठरवली. नोएडातही सोसायटीच्या रहिवाशांनीच सुपरटेकच्या दोन टॉवरविरुद्ध लढा दिला. ३१ ऑगस्ट २०२१ ला पाडण्याचा आदेश झाला आणि २८ ऑगस्ट २०२२ ला दोन्ही टॉवर स्फोटकांनी खाली आले. तिथे रहिवासी वेळेवर बोलले, काम चालू असताना.

तेव्हा विनंती एवढीच: फ्लॅट घेताना बिल्डरचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंतचं आहे ते आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. राहत्या इमारतीचे हे कागद सोसायटीकडे नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करून पालिकेकडून प्रती घ्या. आणि नोटीस आलीच, तर ती ज्या दिवशी हाती पडली ती तारीख तिच्यावर लिहा आणि त्याच आठवड्यात वकील आणि वास्तुविशारद या दोघांकडेही जा.